विमानाला उदबत्ती

अक्षराला हसू नका. शाळा चौथीत सुटली, तेव्हापासून वहीत फक्त ब्लाउजची मापं लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा. हे तसं माझ्यापुरतंच आहे.

दिघीत आमच्या गल्लीत सगळे देवाला उदबत्ती लावतात. आमचे घरमालक बबनकाका विमानाला लावतात.

काकांनी कंपनीत जन्मभर पत्राकाम केलं. रिटायर झाले आणि घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला बसले. पंख भिंतीला टेकवून ठेवलेत, इंजिन अजून यायचंय. काकांना त्याची घाई नाही. काळजी आहे ती आतल्या हवेची. काचेचं झाकण लावायचं, आत उदबत्ती धरायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. "हवा आत घ्यायला कुनीबी भोक पाडंल. बाहेर काढायला अक्कल लागती," हे दिवसातून चारदा.

एवढं सगळं काकूंसाठी. त्यांना दमा आहे. बंद जागेत जीव घाबरतो. लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत, बसमध्ये खिडकी मिळाली नाही तर उतरतात. शेजारची सीट काकांनी त्यांच्याच मापाची केली, पण काकू तिच्यावर एकदाही बसल्या नव्हत्या.

"त्या डब्यात मी न्हाई बसायची."

काका चाकावरचं फायबरचं टोपडं घासत राहायचे. उघड्या चाकाला वारा अडतो म्हणे.

"पोरांच्या टाळूला कधी इतक्या मऊ हातानं तेल लावलं न्हाई," काकू मला सांगायच्या, काकांना ऐकू जाईल असं.

मग पळत्या वाऱ्यात हवा कशी फिरते ते बघायला काकांनी पंखांशिवायचं विमानाचं धूड टेम्पोवर चढवलं. मी त्यावर लोकरीचे तुकडे चिकटवले. वारा नीट सरकला की लोकर चापून बसते, अडला की फडफडते. भोसरीच्या सिग्नलला एका मोटरसायकलवाल्यानं विचारलं, "कुठल्या मंडळाचा देखावा, भाऊ?"

"हवा बघतोय."

"मग पाऊस कधी हाय, राव?"

आत मी बसले होते. मागच्या भोकातून हवा बाहेर जायला हवी होती, तर टेम्पोचाच धूर आत आला. खोकत उतरले.

"बघा! धडधाकट पोरगी काळी करून आणली," काकू म्हणाल्या. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भोकाच्या पुढच्या कडेला पत्र्याची वाकडी पट्टी बसवली. वारा तिच्यावरून उडी मारतो आणि आतली हवा ओढून नेतो. पुन्हा टेम्पोवर फेरी मारली. या वेळी उदबत्तीचा धूर सरळ मागं निघून गेला. मी काकूंना तसं सांगितलं.

"सुमन, तू संगं बसती का? मोशीपातूर. तिथनं माघारी."

रविवारी सकाळी बसलो. झाकण लागलं तशी काकूंनी माझं मनगट आवळलं. टेम्पो निघाला. गळ्याशी गार वारा आला. भोसरी गेली आणि मनगटावरची बोटं सैल पडली. बघते तर काकू झोपलेल्या, तोंड थोडं उघडं, श्वास एकसारखा.

मोशीला काकांनी टेम्पोच्या मागच्या काचेतून वळून बघितलं. मी हातावर गाल ठेवून खूण केली.

टेम्पो थांबला असता तर वारा थांबला असता. काकांनी टेम्पो माघारी वळवलाच नाही. खड्डे चुकवत, एका चालीत, चाकणही मागं टाकलं.