रुसैलच्या मेसमधले आबा

२०१७च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका शहराने दंगेखोर गोऱ्यांच्या सन्मानाचा जुना खांब हटवला. गुलामगिरी संपून काळे लोक मत द्यायला लागले, ते न सोसून या गोऱ्यांनी बंदुका काढल्या होत्या. ओमानमधल्या रुसैलच्या आमच्या मराठी मेसमध्ये जेवताना ही बातमी टीव्हीवर लागली आणि कार्यकारिणीने अमेरिकेचं एकमताने अभिनंदन केलं. अध्यक्ष नंदू म्हणाला, असले खांब जपणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही! मी टाळ्या वाजवल्या. मी सचिव आहे, ते माझं कामच आहे.

तेवढ्यात वेल्डर प्रताप म्हणाला, "मग आपल्या आबांचं काय?"

झालं! आबा म्हणजे मेसचे संस्थापक. त्यांची तसबीर स्वयंपाकाच्या टोपांवरच टांगलेली, खाली 'शिस्तीचे शिल्पकार'. ही शिस्त म्हणजे काय, तर फार पूर्वी प्रतापच्या काकाने आमटीच्या टोपात स्वतःच्या हाताने डाव घातला, म्हणून आबांनी चौघांना घेऊन त्याला बडवलं आणि त्याची वळकटी रस्त्यावर फेकली. काकाचा हात पुढे कधी नीट वळला नाही. त्या तसबिरीखाली आपल्याला घास उतरत नाही, असं प्रतापचं म्हणणं.

कार्यकारिणीने विषय गांभीर्याने घेतला. आबा तसे प्रेमळ होते, काळच तसा होता, अमेरिकेची गोष्ट वेगळी, असं बरंच निघालं. तडजोड म्हणून तसबिरीवर कॅलेंडर टांगलं. पण पुढचा महिना बघायला कोणी पान उचललं की आबा दर्शन देत. मग खाली नवी पाटी आली : 'दोन्ही बाजूंच्या सन्मानार्थ'. प्रतापने विचारलं, दुसऱ्या बाजूचा फोटो कुठाय? शोधाशोध झाली. काकाचा फोटो कोणी काढलाच नव्हता.

शेवटी खलास, तसबीर उतरली. नारळ फुटला, नंदूचं भाषण झालं, आपण अमेरिकेच्याही पुढे गेलो असं ठरलं. प्रतापचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू?

मग पंगत बसली. प्रताप ताट घेऊन टोपाकडे गेला आणि त्याने डावाकडे हात नेला.

"अरे, तू बस ना," नंदू किती मायेने म्हणाला, "मी वाढतो."

प्रतापचा हात तिथेच थांबला. आम्ही सगळे वर बघायला लागलो. भिंतीवर नुसता खिळा होता.

हसा, वाचकहो, आम्हाला खुशाल हसा. फक्त एक सांगा. या गोष्टीत मी नंदूचं आडनाव दिलेलं नाही आणि प्रतापचंही नाही. मनातल्या मनात तुम्ही कोणाचं शोधत होतात?