वामनरावांचे मातीचे बादशहा

वामनराव चिताड्यांना एकदा कुणीतरी अस्सल रोमन नाणं देऊ केलं. त्यांनी ते चिमटीत धरून उन्हात फिरवलं आणि परत दिलं. म्हणाले, "हे असली हाय. माह्या कामाचं नाई."

बल्लारपुरात मी या माणसाच्या शेजारी वीस वर्षं काढली आहेत. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला जातात, नाहीतर सुनेच्या भाजीत मीठ शोधतात. हे गृहस्थ नकली नाणी जमवतात, तीही मातीची. जुन्या काळी रोमच्या बादशहाचा चेहरा असलेली सोन्याची नाणी व्यापाराबरोबर आपल्याकडे आली. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांनी तशीच मातीची घडवली, वर कडी ठेवली आणि गळ्यात घातली. खोदकामात कधीतरी एखादं सापडतं. वामनरावांनी अशी अकरा मिठाईच्या डब्यात कापसावर निजवली आहेत. कापूस वरोऱ्याच्या बाजारातलाच लागतो. औषधांच्या दुकानातला म्हणे नाण्यांना सोसत नाही.

घरी आलेल्याच्या हातात चहाआधी भिंग येतं. "बादशहाचं नाक पाहा."

मी एकदा म्हणालो, हे नाक आमच्या बैलबाजारातल्या दलालाचं दिसतं. वाटलं, रागावतील. तर खूश झाले.

"बराबर हाय भाऊ. घडवणाऱ्यानं बादशहा कुठी पाह्यला होता? गावातलाच मानूस काढला त्यानं."

नाण्याच्या काठावर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि टिंबं आहेत. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य, "लिवता येत नोतं, तरी लिवलं."

माझ्या मुलीच्या साखरपुड्यातही त्यांनी हा डबा उघडला. व्याही मला बाजूला घेऊन म्हणाले, "एवढा नकली माल घरात ठेवतात, पोलिसांचं काही लफडं नाही ना?" त्यानंतर मी महिनाभर वामनरावांशी बोललो नाही.

अकराही नाण्यांच्या कड्या तुटलेल्या. शाबूत कडीचं एक मिळावं म्हणून त्यांनी आमचा जीव खाल्ला. अखेर राजुऱ्याकडच्या एका गावात, घराचा पाया खोदताना एका बाईला तसं सापडल्याचं कळलं. वामनरावांना गाडी येत नाही. स्कूटर माझी, पेट्रोल माझं आणि वाटभर व्याख्यान त्यांचं.

बाईनं अंगणातून लेकीला हाक मारली. पाचेक वर्षांची पोर. काळ्या दोऱ्यात नाणं तिच्याच गळ्यात होतं, कडी अगदी शाबूत.

"दे बेटा बाबाजीले," आई म्हणाली.

पोरीनं नाणं मुठीत धरलं.

वामनराव तिच्यासमोर उकिडवे बसले. भिंग खिशातच राहिलं.

"काऊन घातलं वं हे?"

"मले चांगलं दिसते."

मी मागून खुणावत होतो, मागा, मागून घ्या. त्यांनी दोरा तेवढा बोटानं चाचपला. "बाई, दोरा झिजला हाय. नाणं पडून फुटंल. आजच बदला," म्हणाले आणि उठले.

परतताना मी मनसोक्त बोललो. एवढी वर्षं डोकं खाल्लं, आणि हातात आलेलं सोडून दिलं. वर्धा नदीच्या पुलावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबवा जरा."

कठड्याला टेकून उभे राहिले. मग आपल्या पत्नीविषयी, सुमनबाईंविषयी बोलू लागले. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"दरसाल म्हनत होतो, यंदा सोन्याचं मंगळसूत्र करू. झालंच नाई. नकलीच घालून राह्यली ते. घासून घासून असं चमकवे का कोनाले समजलं नाई."

मलाही कधी समजलं नव्हतं.

"गेली तवा बायका अंगावरचं काढून राह्यल्या होत्या. एक म्हने, हे नकली हाय, राहू द्या असंच." ते नदीकडे पाहत होते. "मले पाह्यजे होतं ते. एवढ्या मानसांत नकली मांगायची लाज वाटली."

मी स्कूटर बंद केली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.