डॉ. बोडस यांचा सकाळचा राउंड

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आमच्या शेजारी राहणारे डॉ. बोडस सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी कॉम्प्युटरचा राउंड घ्यायचे. ड्रेसिंग गाऊनचा पट्टा बांधत स्टडीत यायचे, कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचे, आणि त्या क्षणी विंडोजच्या पोटात जे काही चालू असेल त्याची यादी समोर आली की एकेका नावावर बोट ठेवून चौकशी सुरू करायचे. "हा कोण? काय काम करतो? कोणी ॲडमिट केला याला?" कॉम्प्युटर बिचारा काय उत्तर देणार? मग 'एंड प्रोसेस'वर क्लिक. "डिस्चार्ज," असं म्हणून डॉक्टर पुढच्या बेडकडे वळायचे.

काकांची अख्खी नोकरी इथल्या सरकारी हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात गेली. रिटायर झाले, वॉर्ड सुटला, पण राउंडची सवय सुटली नाही. मी पुण्याहून वर्क परमिटवर आलेला, बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत कोड लिहिणारा मंदार. मी आयटीत आहे हे बोडसकाकूंना पहिल्याच भेटीत कळलं आणि तिथे माझे शनिवार संपले.

काकांचा फोन ठरलेल्या सुरात यायचा. "मंदार, घाई नाही, पण चप्पल घालून निघ." हे 'घाई नाही, पण' त्यांचं ऑपरेशन थिएटरमधलं असावं. पेशंटचा रंग बदलला तरी आवाजाचा बदलू द्यायचा नाही, अशी त्यांची शिस्त. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्क्रीनवर लेक डिस्ट्रिक्टचा फोटो तेवढा शिल्लक होता. बाकी आयकॉन नाहीत, खालची पट्टी नाही, घड्याळ नाही. काकांनी डेस्कटॉपच डिस्चार्ज केला होता.

"नुसतं 'एक्सप्लोरर' लिहिलं होतं, इंटरनेट एक्सप्लोररचा कोणी भाऊबंद आहे असं वाटलं," काका म्हणाले. "मी ब्राउझर बंद केला होता, मग हा कशाला रेंगाळतोय?"

"काका, नाव माहीत नाही म्हणून बंद करायचं नसतं."

"माहीत नसलेलं औषध मी पेशंटला कधी दिलं नाही."

त्यानंतर त्यांनी प्रिंटर डिस्चार्ज केला, आवाज डिस्चार्ज केला, आणि मंडळाच्या गणपतीत तर कहर केला. कम्युनिटी हॉलमध्ये आरत्या पडद्यावर दाखवायला कोणाचा तरी लॅपटॉप लावला होता. तो हळू चालतोय म्हणून काकांनी राउंड घेतला आणि दुसऱ्या आरतीच्या मधोमध पडदा पांढराफेक झाला. पहिलं कडवं सगळ्यांना पाठ, पुढे कोणालाच येत नाही, हे गुपित इतकी वर्षं त्या प्रोजेक्टरने राखलं होतं. नुसत्या टाळ्या आणि झांजा चालू राहिल्या. शेवटी काकांनी एकट्यांनी खड्या आवाजात शेवटपर्यंत आरती म्हटली. त्यांना सगळ्या आरत्या पाठ होत्या. सगळंच पाठ असायचं. माझ्या गाडीचा नंबर, आमच्या ब्रॉडबँडचा तो अक्षरं-आकड्यांचा लांबलचक पासवर्ड, मला येत नव्हता तो त्यांना यायचा.

म्हणून एका शनिवारी ते जे बोलले त्याचं मला नवल वाटलं.

"मंदार, ते पासवर्ड लक्षात ठेवणारं सॉफ्टवेअर असतं म्हणे. तेवढं टाकून दे. माझी मेमरी आता गेली. वय झालं."

"तुमची मेमरी?" मी विचारलं.

"हो. घाई नाही, पण आज टाक."

मी टाकलं. नलूकाकू शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. काकूंची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मिरजेला त्यांची धाकटी बहीण शालू. तिला रोज सकाळी ईमेल लिहिल्याशिवाय काकूंचा दिवस सुरू होत नसे. काय स्वयंपाक केला, कोणत्या शेजारणीने कुंपणावरून काय सांगितलं, सगळं इंग्रजी लिपीतल्या मराठीत. शालूमावशीचं उत्तर यायचं, ते काकू मोठ्याने वाचून दाखवायच्या. मेल नाही उघडला तर काकू दिवसभर घरात हरवल्यासारख्या फिरायच्या, कपाटं उघडायच्या आणि कशासाठी उघडली ते न सांगता बंद करायच्या.

तर मी काकांना नवा प्रोग्रॅम समजावून सांगितला. स्क्रीनवरच्या घड्याळाशेजारी जे छोटं कुलूप दिसतं, ते म्हणजे तो. खिडकी बंद केली तरी तो जात नाही, मागे बसून राहतो. कॉम्प्युटर सुरू केल्यावर सकाळी एकदा त्याला मुख्य पासवर्ड द्यायचा. मग दिवसभर कुठलंही लॉगिनचं पान उघडलं की तो आपणहून जागा भरतो. टास्क मॅनेजरमध्ये त्याचं नाव दाखवलं. "आणि याला डिस्चार्ज द्यायचा नाही. हा गेला की सगळी दारं बंद."

काकांनी चष्मा वर केला. "बराच जाडजूड आहे. नुसता बसून एवढी मेमरी खातो?"

"नुसता बसलेला नाही, काका. लक्ष ठेवून असतो."

"आणि दिसत कोणाला नाही."

"नाही."

"म्हणजे ॲनेस्थेटिस्ट," काका म्हणाले. "सर्जनला चॉकलेटचे डबे यायचे, मंदार. आम्हाला पेशंट नंतर कॉरिडॉरमध्ये ओळखायचा पण नाही. असू दे याला. राहू दे."

मला वाटलं, चला, एक तरी पेशंट वाचला.

पण महिना जातो न जातो तोच फोन सुरू झाले. काकूंचा मेल उघडत नाही. मी जायचो तेव्हा काका दारातच सांगायचे, "माझीच चूक. सकाळी राउंडमध्ये डिस्चार्ज दिला त्याला." आतून काकूंचा आवाज यायचा, "ह्यांना हजारदा सांगितलं हात लावू नका म्हणून. शालू वाट बघत असेल." काका मान खाली घालून ऐकायचे. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मुख्य पासवर्ड दिला, की मेल उघडायचा. काकू लिहायला बसायच्या, मला लाडू मिळायचा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

शेवटी मी वैतागलो. पुण्याचा माणूस शनिवारच्या झोपेपायी भलतंसलतं बोलू शकतो. आज काकांना स्पष्टच सांगायचं असं ठरवून मी गेलो. या वेळी काही बंद-चालू करण्याआधी टास्क मॅनेजर उघडला. यादीवरून नजर फिरवली, तर प्रोसेस जागच्या जागी. मस्तपैकी चालू. घड्याळाशेजारी कुलूपही होतं.

"काका, हा तर चालू आहे. तुम्ही याला हातच..."

माझ्या मनगटावर बोटं पडली. नाडी बघतात तशी, हलकी पण पक्की. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"परत सुरू झाला असेल," ते म्हणाले. "नलू, दाखव बरं याला काय होतंय ते. माझ्याच्याने काही समजत नाही."

काकूंनी मेलचं पान उघडलं. प्रोग्रॅमने शिकवल्याप्रमाणे पासवर्डच्या जागी काळे ठिपके भरले. काकूंच्या कपाळाला आठी पडली. "हे बघ. हे कोणीतरी भरून ठेवतं आधीच." त्यांनी ते ठिपके पुसले, दोन बोटांनी जपून काहीतरी टाईप केलं. चुकीचा पासवर्ड. पुन्हा दुसरं काहीतरी. चुकीचा पासवर्ड. तिसऱ्यांदा त्यांची बोटं कीबोर्डवर नुसतीच थांबली आणि त्या एखाद्या अनोळखी घरात आल्यासारख्या त्या चौकटीकडे बघत राहिल्या.

"अगं, मी बिघडवलंय ते," काका म्हणाले. "तू कशाला विचार करतेस? तू चहा टाक. आम्ही बघतो."

काकू उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हुशारी आली. नवऱ्याने बिघडवलंय म्हटल्यावर कोणत्याही बाईला येते तशी.

त्या स्वयंपाकघरात गेल्यावर काका खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. काकूंना घेऊन ते मेमरी क्लिनिकला, स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांकडे, जाऊन आले होते. एकदा नाही, बऱ्याचदा. "तिलाही सांगितलंय त्यांनी. कधी आठवतं तिला, कधी नाही. आठवत नाही त्या दिवशी मजेत असते. पण ती चौकट 'चूक' म्हणाली ना, की तिला आठवतं." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मी चूक म्हणजे बरं असतं. त्याची तिला सवय आहे."

ज्यांच्या राउंडची मी ऑफिसात नक्कल करून दाखवायचो, ते काका त्या क्षणी मला फार आवडले.

मग मी त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये गेलो. नुसतं भरून थांबू नकोस, भरलंस की लगेच आत ने, अशी एक सोय त्यात होती. तिच्यावर टिक केली. आता पान उघडलं की ठिपके पुसायला वेळच मिळणार नव्हता. थेट शालूमावशीचं पत्र. "मात्र सकाळी काकूंच्या आधी कोणीतरी मुख्य पासवर्ड द्यायला हवा," मी म्हणालो, "आणि हा चालू आहे ना ते बघायला हवं. रोज."

"बघतोच की रोज," काका म्हणाले. "तुला काय वाटलं, मी राउंड कशाला घेतो आता?"

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्यात एक नियम असतो. पेशंट शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या उशापासून उठायचं नाही. हिच्या बाबतीत ते व्हायचं नाही, मला माहीत आहे. म्हणून काय उठून जायचं?"

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. मलाच राहवेना, म्हणून काहीतरी निमित्त काढून सकाळी गेलो. काका गाऊनमध्ये स्टडीत बसले होते. पासवर्ड दिला, यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं, समाधानाने मान हलवली. मग उठून काकूंसाठी खुर्ची थोडी वर घेतली, त्यांचा चष्मा पुसून कीबोर्डशेजारी ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. थोड्या वेळाने काकू आल्या, बसल्या, एक क्लिक केलं. मेल उघडला.

"बघितलंस मंदार," काकू म्हणाल्या, "आज ह्यांनी हात लावला नाही, तर कसं पटकन उघडलं."

"चुकलंच माझं," आतून आवाज आला. "आता नाही हात लावणार."

काकूंनी लिहायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात डोकावलो. काका दाराआड उभे होते, किटलीच्या बटणावर बोट ठेवून. बाहेर कीबोर्डची टकटक नीट लागली, हे कान देऊन ऐकलं, आणि मगच त्यांनी किटली सुरू केली.