करंगळीनं उघडणारं दार

पदूकाका कुणाच्याही घरी गेले की देवाला हात जोडायच्या आधी मागचं दार शोधतात. कल्याणजवळच्या कोन गावात आम्ही नवा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आलेली मंडळी टाइल्सचं कौतुक करत होती. काका प्रसादाचा द्रोण घेऊन तिन्ही खोल्या फिरून आले आणि भटजींच्या देखत म्हणाले, "दुसरं दार कुठं हाय?"

"काका, दुसऱ्या मजल्यावर दुसरं दार कुठून येणार?"

त्यांनी बाल्कनीची ग्रिल हलवून पाहिली. "ही उघडते?"

"छे! चोर येतील."

"चोर येल म्हणून घरच्यांनाच कोंडलास काय?" असं म्हणून त्यांनी प्रसाद जिन्यात उभ्या उभ्या खाल्ला. आमची ही अजून ते विसरलेली नाही.

शेजारच्या वळ गावातल्या एका हळदीत त्यांनी मांडवाच्या मागच्या कनातीची दोरी सोडून ठेवली होती. तिथून एक शेळी आत आली आणि नवरदेवाचा निम्मा हार खाऊन गेली. नवरदेवाचा मामा भांडायला उठला. काका शांत. "शेळीला वाट गावली ना? मग माणसांनाबी गावंल."

काका म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या मागे बैठ्या घरात राहणारे शेजारी. कल्याण-भिवंडी रोडवर बसची बॉडी बांधायचा एक कारखाना होता, तिथे ते मेस्त्री. नुसती चेसीस, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, यायची, तिच्यावर पाइप, पत्रा, सीटा चढवून हे लोक तिची बस करायचे. काकांकडे खास काम स्कूलबसच्या मागच्या दाराचं. लाल अक्षरांत 'आपत्कालीन मार्ग' लिहिलेलं ते दार. बाकीच्यांच्या दृष्टीनं ते फक्त आरटीओच्या पासिंगपुरतं होतं. काकांच्या दृष्टीनं बस म्हणजे ते दार, आणि उरलेली गाडी त्याला आधार म्हणून जोडलेली.

त्यांची परीक्षा एकच. हँडलला करंगळी लावायची. उघडलं तर पास, नाही तर सगळं खोलून पुन्हा. "पहिलीतल्या पोराच्या मुठीत जोर किती? आपल्या करंगळीएवढा. करंगळीनं उघडलं पायजे."

माझी सायली तेव्हा तिसरीत होती आणि काकांच्याच हातच्या बसनं शाळेत जायची. दर सोमवारी सकाळी काका तेलाची बुधली घेऊन नाक्यावर हजर. सगळी पोरं पुढून चढायची, मागून एकेक उडी मारायची आणि पुन्हा पुढून चढायची. ड्रायव्हर रफिकभाई घड्याळ बघत ओरडायचे, "चाचा, दरवाज़ा है, दर्गा नहीं! हर हफ्ते हाज़िरी लगाते हो!" पोरं खूश. आम्ही पालक वैतागलेले. सगळ्यात मोठ्यानं वैतागलेला मी.

त्या जूनमध्ये बसमध्ये पोरं वाढली आणि सायलीला उभं राहून जावं लागू लागलं. मला पुढारीपणाची जुनी हौस. गोदामातली सुपरवायझरी करून उरलेला रुबाब कुठे तरी खर्च करायचा असतो. सात पालकांच्या सह्या घेऊन मी बसमालक दिलीपशेठकडे गेलो आणि तोडगाही मीच सुचवला: मागच्या दाराला आडवा चार पोरांचा बाक टाका. शेठ म्हणाले, "टाकू की. पुढच्या पासिंगला काढू, दुसऱ्या दिवशी परत बसवू. सगळेच तसं करतात." मी घरी येऊन छाती पुढे काढून चहा प्यायलो.

बस कारखान्यात गेली आणि तिथेच राहिली. काका मागच्या पायरीवर डबा घेऊन बसले होते आणि कुणाला ड्रिल लावू देत नव्हते. मी तावातावानं गेलो.

"काका, बाकच तर आहे. पासिंगच्या दिवशी काढायचाय."

"गाडी काय पासिंगच्या दिवशी बघून उलटते?"

"अहो, पोर उभी राहते माझी!"

"ऱ्हाऊ दे. उभं पोर पळतं तरी."

माझा तोल गेला. "स्वतःचं पोर असतं तर कळलं असतं तुम्हाला!"

काकांनी वळून हँडलला करंगळी लावली, दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं. मी निघून आलो.

बाक काही बसला नाही. शेठनं शेवटी कंटाळून बसच्या दोन फेऱ्या केल्या. मी पुढे महिनाभर काकांशी बोललो नाही, आणि सोमवारी नाक्यावर तोंड फिरवून उभा राहायचो.

श्रावणात एका सकाळी कंटेनरला वाट देताना रफिकभाईंच्या बसची डावी चाकं रस्त्याकडेच्या चिखलात रुतली आणि बस हळूच भाताच्या शेतात आडवी झाली. पुढचं दार खाली, चिखलात. मी धापा टाकत पोचलो तेव्हा बावीसच्या बावीस पोरं बांधावर रांगेत बसलेली. सोमवारी शिकवल्याप्रमाणे मागून एकेक बाहेर पडली होती. कुणाचा गुडघा खरचटलेला, कुणाचा डबा हरवलेला, तेवढंच. रफिकभाई त्यांना मोजत होते, मोजून झाल्यावर पुन्हा मोजत होते. ते दार सायलीनं उघडलं होतं. माझा बाक असता तर ती त्याच्यावरच बसली असती. मी पोरांच्या रांगेत सायलीशेजारी जाऊन बसलो.

संध्याकाळी पेढे घेऊन सायलीबरोबर काकांकडे गेलो. वाटेत माफीचं भाषण पाठ केलं होतं. मी "काका, तुमच्यामुळे..." एवढं म्हणतो तोच ते सायलीकडे वळले.

"करंगळीनं उघडलं?"

"नाही. दोन हात लागले," सायली म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नाही, ती माझ्यावर गेलेली नाही.

काकांचा चेहरा उतरला. "दोन हात? ... आडव्या गाडीत मी बघितलंच न्हाय. आडवी झाली की दाराचं वजन बिजागरीवर येणार. चूक झाली माझी." पेढा तसाच ठेवून ते पान्यांची पिशवी शोधू लागले. बस क्रेननं कारखान्यात आणली होती. सायलीला दार नेमकं कुठं अडलं ते दाखवायला घेऊन ते निघालेसुद्धा. आभार माझ्या तोंडातच राहिले.

काकूंनी मला चहा दिला. एवढ्यात मागच्या दारानं मांजर आली आणि दुधाच्या पातेल्याकडे वळली. मी हसून म्हणालो, "काकू, जगाच्या दारांची काळजी करणाऱ्याच्या घरी मागच्या दाराला कडी नाही?"

"कडी हाय. लावू देत न्हाईत." काकू मांजरीला हाकलून बसल्या. "आमचा पोरगा प्रकाश त्याच कारखान्यात होता. मालकानं सांगितलं म्हणून त्यानं एका गाडीला मागं असाच बाक बसवला. यांनी चार माणसांत त्याच्या हातातला पाना काढून घेतला. तो घरी आला, जेवता जेवता उठला आणि या मागल्या दारानं गेला. पाच वरसं झाली, तुमी हितं ऱ्हायला यायच्या आधीची गोष्ट. सुरतला हाय म्हणतात. हे म्हणतात, पुढच्या दारानं यायची त्याला लाज वाटंल."

माझा चहा गार झाला होता. तो तसाच घशाखाली घातला.

सायली आज कॉलेजात शिकवते. त्या संध्याकाळचे आभार मला अजून नीट मानता आलेले नाहीत, म्हणून हे लिहिलं.

त्या दिवशी मी मागच्याच दारानं बाहेर पडलो. सवयीनं दार ओढून घेतलं. मग कोण जाणे का, बाहेरून त्याला करंगळी लावून पाहिली.

उघडलं. आवाजसुद्धा झाला नाही. बिजागऱ्यांना ताजं तेल होतं.