तांब्याचा हंडा आणि मेंदूची पावडर

कॉलेजातला फ्रीज बिघडला म्हणून धनश्रीने आपल्या संशोधनाची इवलीशी बाटली घरच्या फ्रीजमध्ये आणून ठेवली. राहात्याजवळच्या त्या घरातला फ्रीज म्हणजे अर्धा स्वयंपाकघराचा आणि अर्धा गोठ्याचा.

“मामा, हिला हात लावू नका,” तिने सासऱ्यांना बजावले. “प्रयोगशाळेत बनवलेलं संयुग आहे. मेंदूत ग्लुटामेटचे रिसेप्टर असतात, त्यांना हे चेतवतं. उंदरांच्या स्मरणशक्तीवर प्रयोग चाललाय माझा.”

गोरक्षनाथांनी त्यातली स्मरणशक्ती तेवढी उचलली. देवळाच्या भांड्यांची कोठी त्यांच्या ताब्यात होती. लग्नाबारशाला कोण काय घेऊन गेले, सगळे त्यांच्या डोक्यात. पण हल्ली डोके दगा देत होते, अर्धी भांडी बेपत्ता होती, आणि रविवारच्या बैठकीत किल्ली काढून घ्यायचे गावाने ठरवले होते. कमरेची किल्ली गेली तर आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, या काळजीने त्यांना घास जात नव्हता.

रविवारी सकाळी त्यांनी गुपचूप फ्रीज उघडला. खतवाले देतात तशी ती बाटली नमुन्याची असणार, खरा माल शेजारच्या डब्यात, असे ताडून त्यांनी डब्यातली चमचाभर पावडर चहात ढवळली.

बैठकीत ते ताठ उभे राहिले. “सूनबाईचं मेंदूचं औषध पिऊन आलोय! वाल्मिक, मोठी कढई तुझ्या पोल्ट्रीत हाय. कोंबड्या पानी पित्यात तिच्यात.”

वाल्मिक पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

“विजयमाला, परातीत सोयाबीन वाळत घालतीस का न्हाई?”

“घालती, पन तुमाला कसं कळलं?”

माणसे घरोघर पळाली. देवळापुढे भांड्यांचा ढीग लागला.

“आता तांब्याचा हंडा ऱ्हायला,” वाल्मिक म्हणाला.

गोरक्षनाथांनी डोळे मिटले आणि झटक्यात उघडले. त्यांना दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात धनश्री स्कूटीवरून आली. चहाचा प्रकार सासूबाईंनी तिला सांगितला होता.

“मामा, बाटली बंद आहे माझी. तुम्ही म्हशीची कॅल्शियमची पावडर प्यायलात!”

गाव पोट धरून हसले.

“किल्ली ठिवा तुमच्याकडंच,” वाल्मिक म्हणाला. “पन हंडा कुठं हाय?”

“आता कसं सांगू? औषधच खोटं निघालं की!”

संध्याकाळी गोठ्यात गोरक्षनाथांची बायको मालनबाई तांब्याच्या हंड्यात पेंड भिजवत होत्या.

“अवं, आपल्या लग्नापासनं ह्यो देवळाचा हंडा हितंच हाय. द्यायचा न्हाई का?”

गोरक्षनाथांनी हंड्यावरचे देवळाचे नाव भिंतीकडे फिरवले.

“कसला हंडा?” ते म्हणाले.