काळूकाकांचा एकुलता फोटो

म्हसळ्याच्या एसटी स्टँडसमोर परेशचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि परेशचा एक ठाम दावा होता: कॉम्प्युटर म्हणजे म्हैस, नीट हाकता आली की दूध देणारच! तालुक्यातले वाढदिवस, बारशी, निवडी, दहावे, सगळ्यांचे बॅनर त्याच्याच हातून जात. गेलेल्या माणसाचा फोटो तर तो असा उजळून द्यायचा, की जिवंतपणी त्याला इतका गोरा कुणी पाहिलेला नसायचा.

त्या दिवशी सकाळी दहाला कमळकाकी आली. तिचा नवरा काळूराम ट्रक चालवायचा. आठ दिवसांपूर्वी घाटात ट्रकसकट गेला. मोबाइलचा चुरा झाला, पण आतलं कार्ड शाबूत राहिलं. ते तिनं पदराच्या गाठीतून सोडून परेशच्या हातावर ठेवलं.

"ह्यात यांचा फोटू हाय. एकलाच."

"एकच? काकी, माणूस पन्नास वर्षं जगला!"

"ट्रकचे हायेत ढीगभर. ह्यो मी काढलेला, दारात. माज्याकडं बघून हासतात ह्यात. उद्याच्या दहाव्याला ह्योच लाव."

चारपर्यंत फाइल माणगावला छापायला गेली, तरच संध्याकाळच्या एसटीनं बॅनर येणार होता. परेशनं कार्ड घातलं. कॉम्प्युटर घरघरला आणि बसला. अकरा वाजले. काकी बाकावर, फोटो कार्डात, आणि प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर!

त्याला कारण होतं. परेशच्या मशीनवर दोन अँटिव्हायरस नांदत होते. पहिला मशीन हळू करतो म्हणून त्यानं दुसरा आणला, आणि पहिला काढायचा राहून गेला! एका चुलीवर दोन सवती. एकीनं तपासलेली फाइल दुसरी पुन्हा तपासणार, दुसरीनं हात लावला की पहिली धावणार. त्यात रोज सकाळी दहाला, ऐन गिऱ्हाइकीत, संपूर्ण तपासणी.

आणि आज तपासायलाही भरपूर होतं. कुणाचाही पेनड्राइव्ह न बघता घालायची परेशची जुनी रीत. सकाळपासून सात झाले होते. पडद्यावर लाल चौकट आली: धोका सापडला.

"रोजच सापडतो मेला!" म्हणत परेशनं चौकट बंद केली. "काकी, पाच मिनिटं. आता मुळावरच घाव घालतो."

त्यानं दोन्ही अँटिव्हायरस उपटून टाकले.

काय सांगावं! अठ्ठ्याण्णवचे बारा टक्के झाले. मशीन वाऱ्यासारखं सुटलं. परेशनं काकीकडे असं पाहिलं, जणू ऑपरेशन करून डॉक्टर बाहेर आलाय. कार्ड उघडलं. ट्रक, ट्रक, ट्रक, आणि शेवटी आकाशी शर्टातले काळूकाका, दाराच्या चौकटीला हात लावून हसणारे.

"ह्योच!" काकी उठून उभी राहिली.

तेवढ्यात पहिला ट्रक पांढरा पडला. मग दुसरा. एकेका फाइलीच्या नावाला अनोळखी शेपूट लागत गेलं. परेशनं माउस आपटला, वायर उपटली, कार्ड ओढलं. तोवर काळूकाकाही पांढरे झाले होते.

"कुटं गेले?" काकीनं विचारलं. आठ दिवसांत हा प्रश्न ती दुसऱ्यांदा विचारत होती.

अलिबागचा मितेश मशीनं दुरुस्त करायचा. परेशनं त्याला फोन लावला.

"दोन्ही काढलेस? अरे यार! एक काढायचा होता, आणि स्कॅन दुपारी जेवणाच्या टायमाला लावायचा होता. पाच मिनिटांचं काम! ती लाल चौकट बोंबलत होती ती ह्याच व्हायरसच्या नावानं. आता त्यानं सगळ्या फाइलींना कुलूप घातलं."

"चावी?"

"माझ्याकडं तरी नाय."

परेशनं फोन ठेवला. मग आठवलं: मागल्या वर्षी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर बेचाळीस शुभेच्छुक होते, आणि तिसऱ्या ओळीत काळूकाका! फाइल अर्थात कुलपात. पण तो बॅनर?

"त्यो व्हय?" काकी म्हणाली. "यांनीच आनला व्हता. गोठ्यावर घातलाय, गळत व्हतं म्हनून."

दोघं गोठ्यात गेले. बॅनरची पांढरी बाजू आभाळाकडे, छापील बाजू आत. वर बघितलं तर पुढारी फाटून अर्धा लोंबत होता, पण शुभेच्छुक शाबूत होते. काळूकाका गॉगल लावून, मान तिरकी करून पुढाऱ्याकडे बघत होते. पावसाळाभर त्यांना एकट्या म्हशीनं पाहिलं होतं. परेशनं शिडी लावून मोबाइलवर फोटो काढला आणि चारच्या आत माणगावला पाठवला.

दुसऱ्या दिवशी नदीवर बॅनर उभा राहिला. लोक म्हणाले, काळूराम हिरो दिसतोय! काकी बराच वेळ समोर उभी होती. मग तिनं परेशला हळूच बाजूला घेतलं.

"परेश, तू फोटूत कायबी करतोस म्हनतात. ह्यो गॉगल तेवडा काडता येल का रे?"

गॉगलामागं डोळे नव्हते. असते, तर परेशनं जीव लावून काढला असता. तो "न्हाय काकी" एवढंच म्हणाला, आणि त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना.

नंतर मितेशनं मशीन पुसून दिलं. आता एकच अँटिव्हायरस, स्कॅन दुपारी एकला, प्रोसेसर चार टक्के. परेश शटर अर्धं ओढून डबा उघडतो, आणि जेवण संपता संपता पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतात: कोणताही धोका आढळला नाही.

आढळणार कसा! धोका तर समोर बसून डबा खात असतो.