पान दोनशे नऊ ते दोनशे चाळीस

पुस्तकं घेणं आणि पुस्तकं वाचणं ही दोन स्वतंत्र खाती असून त्यांच्यात सहसा पत्रव्यवहार नसतो. हे ज्यांना कळत नाही, ते एकतर पुस्तकं घेत नाहीत किंवा, त्याहून वाईट म्हणजे, ती वाचतात.

दातांचे डॉक्टर हे पहिल्या खात्याचे निष्ठावान अधिकारी. नवं पुस्तक घरात आलं की आधी त्याचा वास, मग पहिल्या पानावर सही आणि तारीख, मग विसाव्या पानात खूण (सुरुवात दमदार झाली आहे असं पाहणाऱ्याला वाटावं म्हणून) आणि शेवटी कपाटात रवानगी. गेल्या वर्षी या मार्गाने एकशे सात पुस्तकं आली. वाचून झाली चार. त्यांतलं एक नव्या शेगडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक. डॉक्टरांची बायको शाळेत गणित शिकवायची. तिने हे आकडे समोर ठेवले, तेव्हा डॉक्टरांनी वाचनाची व्याख्याच सुधारून घेतली: जे पुस्तक सलग तीस दिवस उशाशी राहील, ते वाचलेलं समजण्यात यावं. परिणामी घरातलं वाचन महिन्याभरात सहापट झालं. (एवढी प्रगती बायकोच्या वर्गात आजवर कोणी केलेली नाही.)

या कामगिरीची दखल घेऊन वाचक मंडळाने डॉक्टरांना चिटणीस केलं. मंडळात सभासद अकरा. दर महिन्याला एक पुस्तक ठरायचं, कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळे ते घ्यायचे आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्यावर दीड तास बोलायचे. कधी मतभेद म्हणून झाला नाही. पुस्तक मध्ये येत नसल्यामुळे हे शक्य होई.

त्या महिन्याची कादंबरी सहाशे बारा पानांची होती. त्याच सुमारास सासूबाई मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून लेकीकडे विश्रांतीला आल्या. तीन वर्षं त्यांना अक्षर दिसलं नव्हतं. वाचायची परवानगी मिळाली आणि उपाशी माणूस ताटावर बसावा तशा त्या जावयाच्या कपाटापुढे बसल्या. दुपारभर चिकटलेली पानं सुटल्याचा आवाज येई. डॉक्टर दचकत. (दात उपटल्याच्या आवाजाची त्यांना सवय होती, हा आवाज घरात नवा होता.)

जेवताना त्या वाचून संपवलेल्या एकेका पुस्तकाबद्दल विचारीत, “जावईबापू, शेवटाला तुम्हालाही गलबलून आलं का हो?” डॉक्टर तोंडात घास ठेवून मान हलवीत. होय की नाही, हे विचारणाऱ्याने ठरवायचं.

मग सासूबाईंनी त्या महिन्याची कादंबरी वाचायला घेतली; जावयाची प्रत दवाखान्यात होती, म्हणून लेकीने दुकानातून दुसरी आणून दिली. पण सभेच्या आधीचे दोन दिवस त्या डोळ्यांत औषध जरा जास्तच घालत होत्या. लेकीने विचारलं तर म्हणाल्या, काही नाही. सभेला मात्र हट्टाने आल्या.

सभेत डॉक्टरांनी सुरुवात केली की मधला भाग हा या कादंबरीचा प्राण आहे. (हे वाक्य कुठल्याही कादंबरीला चालतं, मधला भाग सगळ्यांनाच असतो.) निवृत्त इंजिनिअरांना नेमकं तिथेच रडू आलं होतं. औषधाच्या दुकानवाल्या बाईंनी तो भाग दोनदा वाचला होता. वकिलांना त्यातला विचार पटला नव्हता, भाषा मात्र आवडली होती.

सासूबाई खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या.

“मला दोनशे नऊपासून दोनशे चाळीसपर्यंत पानं कोरी दिसली,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्हा सगळ्यांना दिसलंय, म्हणजे माझा डोळाच परत गेला.”

डॉक्टरांनी समोरची आपली प्रत उघडली. बांधणी अशी कडाडली, की मागच्या रांगेतलेही चमकले. बत्तीस पानं धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती. एकीकडे अकरा जणांची अब्रू, दुसरीकडे एक डोळा. मंडळाच्या नियमावलीत अशा प्रसंगाची तरतूद नव्हती. सासूबाईंचा म्हातारा हात पिशवीत डोळ्यांच्या औषधाची बाटली चाचपत होता. डॉक्टरांनी तेवढाच पाहिला.

“आई, तुमचा डोळा ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “पानं कोरीच आहेत. मी हे पुस्तक विसाव्या पानापुढे आत्ता पहिल्यांदा उघडलं.”

सासूबाई मटकन बसल्या. रुमालाने डोळे टिपले. मग इंजिनिअरांकडे वळून त्यांनी निव्वळ कुतूहलाने विचारलं, की ते नेमके कुठल्या ओळीला रडले. इंजिनिअर खिडकीबाहेरचा विजेचा खांब तपासू लागले.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठराव मांडला: बत्तीस पानांचं मौन पाळणाऱ्या लेखकाच्या धाडसाचं हे मंडळ अभिनंदन करत आहे. ठराव एकमताने मंजूर झाला (सासूबाईंना मताधिकार नव्हता). वकिलांनी आपला विरोध मागे घेतला. डॉक्टरांनी राजीनामा दिला, तो वाचण्याआधीच स्वीकारण्यात आला. हल्ली ते दुपारी सासूबाईंना तीच कादंबरी मोठ्याने वाचून दाखवतात. शेहेचाळिसाव्या पानावर आहेत. मध्येच पेंगले तर त्या चिमटा काढतात.

बातमी फुटायची ती फुटलीच. दुकानदाराने परत पाठवायला बांधून ठेवलेल्या सदोष प्रती चार दिवसांत संपल्या. पुढे पानं भरलेली आवृत्ती आली, ती कोणी हातात धरेना.

कादंबरीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. दिलं असतं तर तुम्ही कोरी प्रत शोधायला लागला असता. आणि ती आपल्या कपाटात कुठे शोभेल, ते तर तुम्ही मघाशीच बघून ठेवलंत.